चंद्रसारण्यांची अचूकता आणि सागरी रेखांशाचा प्रश्न

समुद्रावर अक्षांश काढणे अठराव्या शतकातील नाविकास फारसे अवघड नव्हते. रेखांशाचे तसे नव्हते. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये अर्ध्या अंशापर्यंत अचूक रेखांश देणाऱ्या रीतीस २०,००० पौंडांपर्यंतचे पारितोषिक जाहीर केले. या इतिहासात जॉन हॅरिसन यांच्या कालमापकास मानाचे स्थान मिळाले. चंद्रसारण्यांची दखल त्या मानाने कमीच घेतली गेली.

चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो. म्हणून चंद्र आणि सूर्य किंवा एखादा तारा यांतील कोनीय अंतर मोजून, ते सारणीशी ताडून ग्रिनिचची वेळ काढता येते. स्थानिक वेळेशी तिची तुलना केली की रेखांश मिळतो. अडचण अशी की, चंद्राच्या या मंद गतीमुळे सारणीतील चूक सुमारे तीसपट होऊन रेखांशात उतरते. चंद्रस्थानात एक कला चुकली, तर वेळेत दोन मिनिटे आणि विषुववृत्तावर सुमारे ३० सागरी मैल चुकतात. रात्री खडकाळ किनाऱ्याकडे येणारे जहाज फुटण्यास एवढे पुरेसे होते.

न्यूटन यांच्या सिद्धांतावर आधारलेल्या सारण्यांत कित्येक कलांची चूक राहत असे. गटिंगेनचे टोबियास मायर यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सारण्यांनी हे चित्र पालटले. समीकरणांचे स्वरूप त्यांनी सिद्धांतातून घेतले, गुणक मात्र प्रत्यक्ष वेधांशी जुळवून ठरविले. शुद्ध गणितज्ञास ही तडजोड वाटेल. नाविकाच्या ती उपयोगी पडली. जेम्स ब्रॅडली यांनी ग्रिनिचच्या वेधांशी पडताळणी केली, तेव्हा फरक साधारणतः दीड कलेच्या आत आढळला. मायर १७६२ मध्ये, अवघ्या ३९व्या वर्षी निवर्तले. त्यांच्या पत्नीस १७६५ मध्ये ३,००० पौंड मंजूर झाले.

नेव्हिल मॅस्केलिन यांच्या पुढाकाराने १७६७ या वर्षापासूनचे नाविक पंचांग निघू लागले. त्यात दर तीन तासांची चांद्र-अंतरे आयती दिलेली असत. हे गणित दोन गणक आपापल्या घरी स्वतंत्रपणे करीत आणि तिसरा तपासनीस ते ताडून पाही. १७७० मध्ये दोन गणकांनी संगनमताने आकडे उतरविल्याचे तपासनीस मॅलॅकी हिचिन्स यांच्या लक्षात आले आणि दोघांना कामावरून दूर करण्यात आले. शिक्षा कठोर वाटली, तरी तिच्यामागील कारण भक्कम होते: दोन्ही वह्यांत एकच चूक असेल, तर ताडून पाहून ती सापडणार कशी? मायर यांचा सिद्धांत कितीही उत्तम असला, तरी नाविकाच्या हाती पडे तो आकडा या दोन वह्यांतून आलेला असे.

पुढे पेटर हान्सेन यांच्या १८५७ च्या अधिक अचूक सारण्या १८६२ पासून पंचांगात वापरात आल्या. तोवर कालमापके स्वस्त होऊन जहाजोजहाजी पोहोचली होती. १९०७ च्या पंचांगातून चांद्र-अंतरे वगळण्यात आली. चंद्राची स्थाने मात्र छापली जात राहिली.