पन्हाळगड ते पावनखिंड : सगळ्या नावांसकट

दर वर्षी जुलै महिना आला की कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातून तरुण पोरांचे जथे पन्हाळ्याच्या दिशेने निघतात. कोणी दोन दिवसांच्या मोहिमेत, कोणी तीन. पाठीवर सॅक, अंगावर रेनकोट, हातात काठी आणि पुढे वाट दाखवणारा गाईड. पन्हाळ्याच्या तटापासून निघून मसाई पठार ओलांडायचे, कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या-वस्त्यांतून चिखल तुडवत जायचे आणि पांढरपाण्यावरून पावनखिंडीत उतरायचे. साडेतीनशे वर्षांपूर्वी शिवाजी महाराज ज्या वाटेने वेढ्यातून निसटले, तीच ही वाट. महाराष्ट्रात इतिहास पायांनी वाचण्याची ही बहुधा सर्वांत मोठी शाळा असेल.

या शाळेत आपली मुले फारशी दिसत नाहीत. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. राहायला साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, आणि नोकरीची बरीच वर्षे सांगली जिल्ह्यात गेली. माझ्या वर्गातल्या पोरांना मी विचारतो, पावनखिंडीला कोण जाऊन आले? हात वर होत नाहीत. एकदा एक मुलगा म्हणाला, "सर, वो अपना थोडीच है." या एका वाक्यासाठी हा लेख लिहितो आहे.

मी स्वतः जुलै २०२५ मध्ये एका मोहिमेबरोबर गेलो. आदल्याच संध्याकाळी, ११ जुलैला, पॅरिसहून बातमी आली होती की मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत आमच्या साताऱ्याचा प्रतापगड होता आणि पन्हाळाही होता. त्यामुळे सकाळी गडावर उत्साह फार होता. पुढच्या वाटेसाठी पाय मोकळे व्हावेत म्हणून गाईडने आम्हाला आधी तटाच्या कडेने फिरवले.

पन्हाळ्याची तटबंदी सात किलोमीटरहून लांब आहे. ती सगळीकडे सारखी नाही. काही ठिकाणी कडाच असा सरळ तुटलेला आहे की त्यावर तटाची गरज कमीच, आणि जिथे उतार सोपा आहे तिथे काळ्या दगडाचा भक्कम तट आणि बुरूज. हा गड बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला असे मानतात. पुढे बहमनी आले, विजापूरची आदिलशाही आली आणि तिच्या काळात गडाचे बरेच बांधकाम झाले. नोव्हेंबर १६५९ मध्ये, अफजलखानाच्या वधानंतर अठराव्या दिवशी, गड स्वराज्यात आला. म्हणजे ज्या तटाच्या आत महाराज चार महिने सुरक्षित राहिले, त्या तटावर शिलाहारांचे, विजापूरकरांचे आणि मराठ्यांचे अशा तिघांचेही हात फिरले आहेत.

तीन दरवाजाशी गाईड थांबला. वरच्या फारसी शिलालेखाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे काय लिहिलंय ते आम्हाला वाचता येत नाही." मी पुढे झालो. दगडावरची फारसी वाचणे सोपे नसते, पण इब्राहीम आदिलशाहचे नाव लागले. हा पहिला इब्राहीम, सोळाव्या शतकाच्या मध्याचा. पोरे गोळा झाली, मोबाईल वर झाले. मग मी त्यांना जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. आपण सकाळपासून जे शब्द वापरतो आहोत ते बघा. किल्ला आणि बुरूज अरबीतून आले, दरवाजा फारसीतून, तोफ तुर्कीतून. तटबंदीतला तट आपला आणि बंदी फारसी. शिबंदी फारसी, हवालदार अरबी-फारसीच्या जोडीतून. खिंड आणि दिंडी मात्र इथल्या मातीतले. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राजाला स्वतःच्या राज्याची भाषा हवी होती आणि ते योग्यच होते. तरी गडावरच्या माणसाच्या तोंडचे शब्द गडावरच राहिले. या तटाचे बांधकाम जसे थरांचे आहे, तशीच त्याची भाषाही.

चार दरवाजा आज दिसत नाही. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. राजदिंडी मात्र शिल्लक आहे. तिथूनच आम्ही खाली उतरलो.

वाटेत गाईड गोष्ट सांगत होता. गडी तयारीचा होता, आवाज खणखणीत. पण त्याच्या गोष्टीत दोनच पात्रे होती, 'आपण' आणि 'ते'. 'ते' म्हणताना दोन-तीन पोरांच्या नजरा माझ्या दाढीकडे वळल्या. त्यात दुष्टावा नव्हता. त्यांना गोष्ट तशीच मिळालेली होती. मसाई पठारावर धुक्यात जेवायला बसलो तेव्हा मी गाईडला म्हटले, "तुमची परवानगी असेल तर १६६० मध्ये इथे कोण कोण होते ते मी सांगू का?" तो म्हणाला, "सांगा की सर."

मार्च १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा पडला. सेनापती होता सिद्दी जौहर. सिद्दी म्हणजे मूळचे आफ्रिकेतले लोक. गुलाम आणि सैनिक म्हणून दख्खनेत आले आणि तलवारीच्या जोरावर सरदार झाले. जौहर कर्नूलचा. त्याच्याबरोबर अफजलखानाचा मुलगा फाजलखान होता, आणि बाजी घोरपड्यांसारखे मराठा सरदारही होते. राजापूरच्या वखारीतले इंग्रज विजापूरकरांच्या मदतीला तोफा आणि दारूगोळा घेऊन आले. व्यापारी म्हणून आलेल्या लोकांनी लढाईत हात घातला, त्याचा हिशेब महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरवर जाऊन चुकता केला. तिकडे विशाळगडाच्या पायथ्याशी दुसरा वेढा होता. तो घातला होता शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी यांनी. महाराज खिंडीतून सुटून विशाळगडाखाली पोहोचले तेव्हा त्यांना या सुर्व्या-दळव्यांची फळी फोडून वर जावे लागले.

आता दुसरी बाजू. वेढा बाहेरून फोडायचा प्रयत्न नेताजी पालकरांनी केला. त्यांच्याबरोबर सिद्दी हिलाल होता आणि हिलालचा तरुण मुलगा वाहवाह. हे दोघे स्वराज्याच्या बाजूने सिद्दी जौहरच्या फौजेवर चालून गेले. प्रयत्न फसला. वाहवाह लढताना जखमी झाला आणि शत्रूच्या हाती सापडला. बापाला मुलाला तिथे सोडून मागे यावे लागले. ही हकिकत कोणा आजच्या माणसाने सलोख्यासाठी रचलेली नाही. महाराजांच्याच पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात ती आहे.

पोरे गप्प होती. मग एकाने विचारले, "सर, हे आम्हाला आधी कुणी का नाही सांगितलं?" याचे उत्तर माझ्याकडेही एका वाक्याचे नाही. पाठ्यपुस्तकात जागा कमी असते, सिनेमाला खलनायक लागतो, सभेला टाळ्या लागतात. पण आपल्याकडूनही कसूर झाली. आपण ही गोष्ट दुसऱ्यांची समजून ऐकायलाच गेलो नाही, मग तिच्यातली आपली माणसे कोण मोजणार?

एक गोष्ट मी तिथेही बजावली आणि इथेही बजावतो. सिद्दी हिलालचे नाव घ्यायचे ते 'मुसलमानही होते' असे प्रमाणपत्र दाखवण्यासाठी नाही. आणि त्याच्या नावाने शिवा काशीद, बाजीप्रभू, बांदलांचे मावळे यांची नावे लहान होत नाहीत. पन्हाळ्याखालच्या नेबापूरचा शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसला, पकडला गेला आणि मारला गेला. तो जातीने न्हावी. आषाढ पौर्णिमेच्या, भर पावसाच्या रात्री सुमारे सहाशे माणसे याच वाटेने निघाली. पाठलागावर सिद्दी मसूद होता, जौहरचा जावई. घोडखिंडीत बाजीप्रभू सुमारे तीनशे माणसांसह थांबले आणि विशाळगडावरून तोफांचा इशारा होईपर्यंत खिंड सोडली नाही. पावनखिंड हे नाव त्यांच्या रक्ताने मिळवलेले आहे. त्यापुढे कोणाचीही मान झुकावी. माझी झुकली.

आंबेवाडीच्या मुक्कामात कपडे ओले, पायांना जळवा लागलेल्या. ओसरीच्या एका कोपऱ्यात मी मगरिबची नमाज पढलो. जवळच बसलेली पोरे आपणहून हळू आवाजात बोलू लागली. नमाज झाल्यावर ज्यांच्या घरी मुक्काम होता त्या आजीबाईंनी आधी मला चहा दिला. म्हणाल्या, "दमला असशील बाबा." 

त्या रात्री पोरांना याच वाटेची आणखी एक तारीख सांगितली. ती आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. १६९९ च्या अखेरीस औरंगजेब बादशाह स्वतः मराठ्यांचे किल्ले घ्यायला निघाला. कऱ्हाडजवळचा वसंतगड घेतला, मग साताऱ्याला वेढा घातला. एप्रिल १७०० मध्ये साताऱ्याच्या तटाखाली मोगलांनी सुरुंग उडवले. दुसरा सुरुंग उलटा फुटला आणि तटाचा ढिगारा चढाईसाठी उभ्या असलेल्या त्यांच्याच सैनिकांवर कोसळला. जवळजवळ दोन हजार माणसे त्यात गेली. पुढे किल्ला तहाने मिळाला आणि शहजादा आझमच्या नावावरून त्याचे नाव आझमतारा झाले. १७०१ मध्ये पन्हाळा घेतला. जून १७०२ मध्ये खेळणा, म्हणजे विशाळगड, परशुराम त्रिंबक प्रतिनिधींनी बोलणी करून खाली केला. बादशाहने त्याचे नाव ठेवले सख्खरलना. हे शब्द सूरह जुख्रुफमधल्या सफरच्या दुआतले आहेत. एसटीत बसल्यावर आपण जी दुआ पढतो, तीच. अर्थ असा की हे वाहन आमच्या ताब्यात दिले.

आणि मग परतीचा सफर सुरू झाला. मृग लागलेला, ओढे भरलेले, चिखलात उंट आणि बैल रुतलेले, तंबू भिजलेले, धान्याची टंचाई. विशाळगडापासून पन्हाळ्यापर्यंत तीस मैल यायला बादशाही फौजेला महिन्याहून अधिक काळ लागला. बेचाळीस वर्षांपूर्वी सहाशे मावळे याच वाटेने भर पावसात एका रात्रीत आणि दिवसात गेले होते. दोन्ही वेळी डोंगर तोच होता आणि पाऊसही तोच. फरक इतकाच की एका बाजूला वाट ओळखणारी आणि गावांचा आधार असलेली माणसे होती, दुसऱ्या बाजूला तख्त, खजिना आणि एक दमलेले लष्कर. गडाला दुआतले नाव दिल्याने गड ताब्यात राहिला नाही. काही वर्षांतच हे किल्ले एकेक करून मराठ्यांकडे परत गेले. बादशाहच्या त्या मोहिमेचा बोजा आपल्या पोरांनी पाठीवर का वाहावा? त्या फौजेत राजपूत होते, बुंदेले होते, मराठेही होते. ते राज्याचे युद्ध होते. आपल्या पोरांचे पूर्वज बहुतेक याच मातीतले शेतकरी, विणकर, शिकलगार, आणि दोन्ही फौजांचा त्रास त्यांनी सोसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खिंडीत उतरलो. जुन्या कागदांत हिला गजापूरची खिंड म्हणतात. कारण गजापूर हे गाव जवळच आहे, कासारी नदीच्या उगमाकडे, विशाळगडाच्या वाटेवर. हे नाव तुम्ही अलीकडे वेगळ्या कारणाने ऐकले असेल. १४ जुलै २०२४ रोजी, या लढाईच्या स्मृतीच्याच दिवसांत, विशाळगडावरील अतिक्रमणे हटवण्याच्या आंदोलनाच्या वेळी जमावाने गजापुरात मशिदीची आणि मुस्लिम घरांची मोडतोड केली. गडावर अतिक्रमण असेल तर ते कायद्याने हटले पाहिजे, मग ते कोणाचेही असो. यात माझे दुमत नाही. किल्ला हा वारसा आहे. पण गजापूर गडावर नाही, गडाच्या वाटेवर आहे. मोडली ती स्वयंपाकघरातली भांडी, मुलांची दप्तरे, पावसाळ्यातले छप्पर. ज्यांनी ती मोडली त्यांतल्या अनेकांनी ही वाट आधी चालली असेल. त्यांना गोष्ट 'आपण' आणि 'ते' अशीच सांगितली गेली असेल, तर 'ते' कुठे शोधायचे हे त्यांनी स्वतःच ठरवले. म्हणून गोष्ट कशी सांगितली जाते याला किंमत आहे. वाट दाखवणाऱ्या माणसाच्या तोंडी चार नावे कमी असली, तर कधी कधी त्याची भरपाई कोणाच्या तरी घराला करावी लागते.

खिंडीत आमचा गाईड शेवटचे सांगायला उभा राहिला. सकाळपेक्षा आवाज खाली होता. बाजीप्रभूंचे नाव घेतले, बांदलांचे घेतले, शिवा काशीदचे घेतले. मग जरा थांबून म्हणाला, "आणि वेढा फोडायला आलेल्या सिद्दी हिलालचं आणि त्याच्या पोराचं." सगळ्यांनी नेहमीसारखा जयघोष केला. त्यात माझाही आवाज होता.

म्हणून वाचकहो, विशेषतः शिक्षक आणि पालकांना माझी विनंती आहे. पुढच्या जुलैत आपल्या शाळेची, मोहल्ल्याची पाच-दहा पोरे या मोहिमेला पाठवा. वेगळी मुस्लिम मोहीम काढू नका, सगळ्यांबरोबरच पाठवा. जाण्याआधी त्यांना वेढ्याच्या दोन्ही बाजूंची नावे पाठ करायला लावा. पन्हाळ्याचा शिलालेख वाचण्यापुरती लिपी शिकवा. बूट चांगले द्या, जळवांसाठी तंबाखू-मीठ द्या. वाटेत कोणी चुकीचे बोलले तर भांडू नका आणि गप्पही बसू नका. जेवणाची वेळ बघा, परवानगी मागा आणि सांगा. माझ्या वर्गातला तो मुलगा या वर्षी दहावीला आहे. त्याचे नाव मी यादीत पहिले लिहिले आहे.