जुनी पत्रे, नवी साधने

हैदराबादच्या मराठी घरांतून आजही एखादी पत्र्याची पेटी निघते. तीत आजोबांची पत्रे असतात आणि ती टंकून नातवंडांसाठी त्यांची पुस्तिका करावी, अशी अनेक कुटुंबांची इच्छा असते. मराठी लेखन सुधारून देणारी विनामूल्य साधने संगणकावर आता पुष्कळ मिळतात. त्यांतील कोणते निवडावे, हा प्रश्न आमच्या बैठकीत वारंवार निघतो. त्याच्या उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

निजामी राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्या काळात येथील मराठी टिकली, ती विवेकवर्धिनीसारख्या (१९०७) शाळेमुळे, मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या (१९२२) संस्थेमुळे आणि घरोघरच्या पत्रव्यवहारामुळे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आपली कुटुंबे येथेच राहिली. पुढे १९६२ साली साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम महाराष्ट्रात शासनमान्य झाले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. ‘कांहीं’, ‘नाहीं’ यांवरील अनुच्चारित अनुस्वार या नियमांनी गेले. आपल्या वाडवडिलांनी ते दिले, ते अज्ञानाने नव्हे, तर त्यांच्या काळच्या शिस्तीने.

आजची तपासणीची साधने नव्या लेखनपद्धतीवर बेतलेली आहेत. आम्ही एक जुने पत्र अशा एका साधनास दिले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक ओळ तांबड्या रेघांनी भरली. ‘अव्वल तालुकदार’ या शब्दांनाही त्याने हरकत घेतली. निजामी अमलात जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला हेच नाव होते. सुचवलेली दुरुस्ती मान्य केली असती, तर पत्रातून एक हुद्दा आणि त्यामागचे एक राज्य पुसले गेले असते.

म्हणून नवे लेखन आणि जुने लेखन यांसाठी साधने वेगळी असावीत. नव्या लेखासाठी तपासनीस अवश्य वापरावा. मात्र प्रत्येक दुरुस्ती पाहून स्वीकारावी. जुन्या पत्रांसाठी कोश हेच खरे साधन होय. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२-३८) आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) विनामूल्य पाहता येतात. संदर्भासाठी मराठी विश्वकोशही संगणकावर उपलब्ध आहे. कोश आपले अक्षर बदलत नाही. तो अर्थ सांगतो आणि निर्णय आपल्यावर सोपवतो.

हा विचार आपल्या शहराला परका नाही. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेला ‘अनुसारक’ हा प्रकल्प पुढे हैदराबाद विद्यापीठात आला. मराठी, तेलुगू, कन्नड, बंगाली व पंजाबी या भाषांतील मजकूर हिंदी वाचकाला वाचता यावा, असा त्याचा हेतू होता. यंत्राने मुळाशी इमान राखावे, भाषा थोडी ओबडधोबड झाली तरी चालेल, आणि अर्थाचा निवाडा वाचकाने करावा, हे त्यामागचे तत्त्व होते. साधन निवडताना हीच कसोटी आम्हांस योग्य वाटते.

तेव्हा साधनाला चार प्रश्न विचारावेत. चूक का, हे ते सांगते काय? मूळ मजकूर तसाच राहतो काय? आपले हैदराबादी शब्द त्याच्या यादीत घालता येतात काय? आणि दिलेला मजकूर कोठे जातो? कारण विनामूल्य साधनाला दिलेले पत्र बहुधा दुसऱ्या कुणाच्या संगणकावर पोचते. घरातील आजारपण, कर्ज, भाऊबंदकी यांचा उल्लेख असलेली पत्रे तेथे न दिलेली बरी.

पुस्तिकेत पत्र मूळ लेखनासह छापावे आणि अडणाऱ्या शब्दांचे अर्थ खाली द्यावेत. नातवंडांना आजोबांचे शुद्धलेखन आजच्या नियमांत बसणारे नको आहे. त्यांना आजोबा हवे आहेत.