शिकारी साहेब आणि त्सावोचे मिस्त्री

शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलेले, आयाळ नसलेले दोन सिंह आहेत. भारतातून आईबाबा आले की त्यांना शहर दाखवण्याच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकजण तिथे जाऊन आलेले असतील. १९९६ सालच्या 'द घोस्ट अँड द डार्कनेस' या चित्रपटामुळे ते बरेच प्रसिद्ध झाले. आपल्याला त्यातला ओम पुरी आठवतो. पण या सिंहांच्या तोंडी गेलेल्यांपैकी कितीतरी माणसे हिंदुस्थानातून, तीही करारावर, परमुलखात आलेली होती, ही गोष्ट फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नामांकित शिकाऱ्यांना आजच्या क्रिकेटपटूंसारखे वलय होते. त्यांची पुस्तके खपत, व्याख्यानांना गर्दी होई. फ्रेडरिक सेलूस हा त्यातला सर्वात मोठा. त्याचे आफ्रिकेतल्या भटकंतीचे पुस्तक १८८१ साली निघाले आणि त्याच्या चाहत्यांत पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्टही होता. दोघांचा पत्रव्यवहार जमला आणि रूझवेल्टने त्याला व्हाइट हाउसमध्ये पाहुणा म्हणून बोलावले. अध्यक्षपद सुटल्यावर लगेच, १९०९ साली, रूझवेल्ट शिकारीसाठी पूर्व आफ्रिकेत गेला, तेव्हा सफरीची आखणी करायला सेलूसने मदत केली होती आणि बोटीवरही तो सोबत होता. मोंबासाहून निघालेल्या आगगाडीच्या इंजिनापुढे खास बाक बसवला होता. दिवसाउजेडी बहुतेक वेळ रूझवेल्ट त्या बाकावर बसून जनावरे बघत होता, आणि शेजारी बहुधा सेलूस. आवडत्या शिकाऱ्याची याहून झकास भेट कोणती!

ती गाडी ज्या रुळांवरून धावत होती ते आपल्या लोकांनी टाकलेले होते. या युगांडा रेल्वेसाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर आणि कारागीर नेले गेले. बहुतेक पंजाबचे. त्यातले जवळजवळ २,५०० तिकडेच मेले, मुख्यतः रोगराईने. त्सावो नदीवरचा पूल बांधायला मार्च १८९८ मध्ये जॉन हेन्री पॅटरसन हा इंजिनियर आला. तो आधी हिंदुस्थानात होता, त्यामुळे त्याला हिंदुस्थानी बोलता येई. तो आल्यानंतर थोड्याच दिवसांत सिंहांनी तंबूंतून माणसे ओढून न्यायला सुरुवात केली.

पॅटरसनने १९०७ साली या प्रकरणावर पुस्तक लिहिले. त्याला प्रस्तावना सेलूसची, आणि ते वाचून रूझवेल्टही भारावून गेला. शिकारीची प्रकरणे थरारक आहेतच, पण मला त्यात सगळ्यात बोलके वाटले ते गवंड्यांचे प्रकरण. साध्या मजुराला महिना १२ रुपये आणि गवंड्याला ४५, म्हणून अनेकजण गवंडी म्हणून भरती झाले होते. (रेझ्युमे फुगवण्याची परंपरा जुनी आहे!) पॅटरसनने कामाच्या मापाप्रमाणे पगार सुरू केला आणि ते चिडले. सप्टेंबर १८९८ मध्ये त्यांनी त्याला ठार मारायचा बेत केला. प्रेत रानात टाकून द्यायचे आणि सिंहाने खाल्ले म्हणून सांगायचे! एकाने आगाऊ सूचना दिली. तरीही पॅटरसन दगडाच्या खाणीत गेला, सुमारे १६० माणसांसमोर एका खडकावर उडी मारून उभा राहिला आणि हिंदुस्थानीत भाषण करून त्याने वेळ निभावून नेली. पुढाऱ्यांना मग पोलिसांनी मोंबासाला नेले.

१ डिसेंबरला मजुरांनी कामच सोडले. आम्ही सरकारची चाकरी करायला आलो, सिंहांच्या पोटात जायला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. काहीजण रुळांवर आडवे झाले, गाडी थांबवली आणि शेकडो लोक तिच्यात चढून निघून गेले. ९ डिसेंबरला पहिला सिंह मेला, २९ डिसेंबरला दुसरा. पहिला पडला त्या रात्री लोक पॅटरसनच्या पायांशी लोटांगण घालून 'मुबारक, मुबारक' म्हणू लागले. जानेवारी १८९९ च्या अखेरीस त्याला चांदीचे पात्र भेट मिळाले. कामगारांच्या वतीने पत्रावर सही होती पुरुषोत्तम हरजी परमार या ओव्हरसियरची, आणि रोशन नावाच्या मिस्त्रीने त्याच्यावर लांबलचक हिंदुस्थानी कवन रचले.

हे सारे आपल्याला पॅटरसनच्याच लेखणीतून कळते, हे विसरून चालणार नाही. आपल्यावर रचलेले स्तुतिकाव्य कोण छापणार नाही? तरीही मला ही कृतज्ञता खोटी वाटत नाही. पगार कापणारा साहेब आणि नऊ महिन्यांची भीती संपवणारा साहेब एकच होता. त्याला मारायला निघालेले आणि पात्रासाठी वर्गणी काढणारे एकाच छावणीत राहत होते. रूझवेल्टला भेटलेला शिकारी पुस्तकातून आला होता, यांचा शिकारी रोज हजेरी घेत होता.

मेलेल्यांचा आकडा मात्र पॅटरसनने बदलला. पुस्तकात २८ हिंदुस्थानी आणि मोजदाद न ठेवलेले कितीतरी आफ्रिकन, असे तो लिहितो. पुढे तो १३५ म्हणू लागला. २००९ साली सिंहांच्या केसांच्या आणि हाडांच्या रासायनिक तपासणीवरून शास्त्रज्ञांनी सुमारे ३५ असा अंदाज काढला. सिंहांची लांबी मात्र इंचापर्यंत नोंदलेली आहे: ९ फूट ८ इंच आणि ९ फूट ६ इंच. त्यांची कातडी पॅटरसनकडे पंचवीस वर्षे गालिचा म्हणून पडून होती. १९२४ मध्ये म्युझियमने ती ५,००० डॉलरला घेतली.

२०२४ साली त्यांच्या तुटक्या दातांत अडकलेले केस तपासले, तेव्हा जिराफ, झेब्रा अशा प्राण्यांबरोबर माणसाचेही केस सापडले. प्राण्यांच्या केसांचा सविस्तर अभ्यास झाला. माणसाच्या केसांचा तेव्हा केला नाही, कारण त्यांचे वंशज त्या भागात आजही असू शकतील आणि आधी त्यांच्याशी बोलायला हवे, असे संशोधकांनी सांगितले.