मुंबई–ओझर हवाई अंतर

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि नाशिकचा ओझर विमानतळ यांच्यातले सरळ रेषेतले अंतर सुमारे १५८ किमी (८५ सागरी मैल) आहे. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत आणि रेखांशांत एक अंशाहून किंचित जास्त फरक पडतो. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किमीचा असतो, तर इथल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश १०५ किमीच्या आसपास भरतो. त्यामुळे ही रेषा जवळजवळ नेमकी ईशान्येला जाते. भिवंडीवरून निघून तानसा आणि भातसा जलाशयांच्या मधून ती सह्याद्री ओलांडते आणि इगतपुरीला उजव्या हाताला ठेवून नाशिक शहरावर येते.

उड्डाणकाल. ताशी ५०० किमी वेगाच्या पंख्याच्या विमानाला १५८ किमीसाठी हिशेबाने १९ मिनिटे पुरतात. प्रत्यक्षात तेवढ्यात भागत नाही. मुंबईची धावपट्टी जवळपास समुद्रसपाटीला आहे, तर ओझरची सुमारे ६०० मीटर उंचीवर. मध्ये घाटमाथा आहे आणि दक्षिणेला १,६४६ मीटरचे कळसूबाई. विमान पुरेशी उंची गाठते न गाठते तोच उतरण सुरू होते, म्हणून पूर्ण वेग फार थोडा वेळ मिळतो. धावपट्टीपर्यंतची चाल, मुंबईच्या गर्दीत रांगेत थांबणे आणि उतरण्याआधीचे वळण धरले, तर दारापासून दारापर्यंत पाऊण तास धरावा. विमानतळावर लवकर पोहोचण्याचा वेळ याहून वेगळा.

ओझरची धावपट्टी मुळात हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्याची. मिग विमानांसाठी १९६४ मध्ये उभ्या राहिलेल्या या कारखान्यातूनच तेजस मार्क-१ए ने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. ‘उडान’ योजनेखाली एअर डेक्कनने डिसेंबर २०१७ मध्ये १९ आसनी बीचक्राफ्ट विमानाने मुंबई–नाशिक सेवा सुरू केली. ती टिकली नाही. एवढ्या जवळच्या अंतरावर रस्ता आणि रेल्वे विमानाला भारी पडतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा ७६ किमीचा टप्पा खुला झाल्यावर तर हा फरक आणखी वाढला.

मोखाड्याहून. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्याचे मोखाडा गाव मुंबई–ओझर रेषेच्या वायव्येला सुमारे ३० किमीवर आहे. तिथून सरळ मोजले तर ओझर ६४ किमी आणि मुंबई विमानतळ १०५ किमीच्या आसपास, म्हणजे जवळचा विमानतळ नाशिकचाच. मात्र गाडीने तोरंगण घाट, त्र्यंबकेश्वर आणि नाशिक शहर ओलांडून जावे लागते; अंतर ८० किमीच्या आसपास होते आणि दोन तासांच्या वर वेळ लागतो. पावसाळ्यात दाट धुके आणि दरडींमुळे घाट आणखी वेळ खातो. अत्यवस्थ रुग्णालाही मोखाड्याहून नाशिकला याच वाटेने नेतात, आणि ज्या पाड्यांना पक्का रस्ता नाही तिथून आधी डोलीने डांबरी रस्ता गाठावा लागतो. या तालुक्यासाठी कोणतेही हवाई अंतर सांगताना हा पहिला तुकडा वगळणे मला चूक वाटते.

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराजवळ विमानतळ प्रस्तावित आहे. तो झाला तरी सरळ रेषेत तो मोखाड्यापासून ७० किमीच्या पुढेच पडेल. ओझरच थोडे जवळ राहील.