'अथक' म्हणजे काय?

आपले वाडवडील कोकणात 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. सहा दिवस घाणा फिरे, शब्बाथला थांबे. परंतु बाळंतिणीला आणि आजाऱ्याला वार कळत नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा लागला तर तो मोडावा, अशी आपल्या धर्माचीच आज्ञा आहे. आम्ही परिचारिकांनी तर सारी नोकरी या आज्ञेवर केली. म्हणून शोकसभेत कोणी 'त्यांनी अथक सेवा केली' असे म्हटले की आमच्या मनात येते, अथक म्हणजे काय? थकत तर आम्ही रोजच होतो.

याचे उत्तर आम्हाला डॉ. जेरुशा झिराड यांच्या चरित्रात सापडले. आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावचे, जन्म मात्र शिमोग्याचा. त्या शाळकरी वयात असताना त्यांची बहीण फार आजारी पडली. मुंबईच्या कामा रुग्णालयात डॉ. बेन्सन यांनी तिला वाचवले. तेव्हाच जेरुशाबाईंनी ठरवले की आपणही डॉक्टर व्हायचे आणि याच रुग्णालयात काम करायचे. १८८६ साली उघडलेले हे रुग्णालय स्त्रियांसाठी होते आणि स्त्री-डॉक्टरच ते चालवीत. पण प्रमुखाच्या खुर्चीवर गोऱ्या बाई असत.

ग्रँट मेडिकल कॉलेजातले शिक्षण संपवून जेरुशाबाई लंडनला गेल्या. तेथील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या हिंदी महिला. १९१९ साली त्या प्रसूती व स्त्रीरोग या विषयांत एम.डी. झाल्या. परतल्यावर दिल्ली व बंगळूर येथे काम करून त्या मुंबईस आल्या आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत त्यांनी कामा रुग्णालयाची धुरा वाहिली.

इथवरची गोष्ट आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. आम्हाला मोठी वाटते ती पुढची. १९३७-३८ च्या सुमारास त्यांनी मुंबई शहरात बाळंतपणात बायका का मरतात याची पाहणी हाती घेतली. तिचा अहवाल १९४१ साली छापला गेला. त्या काळी पेनिसिलिन हाताशी नव्हते. रक्तस्राव, बाळंतज्वर, झटके, अ‍ॅनिमिया यांनी भरल्या घरातली बाई जाई आणि लोक म्हणत, 'तिचे नशीब!' जेरुशाबाईंनी नशीब हे कारण मानले नाही. रुग्णालयात आलेल्या बाईला वाचवणे हे त्यांचे कामच होते. पण ज्या वाचल्या नाहीत त्यांचा हिशेबही त्यांनी आपल्या अंगावर घेतला.

इथे आम्हाला आमची एक चूक कबूल केली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीला, एका रुग्णालयात, आमच्या रात्रपाळीला एक बाळंतीण दगावली. डॉक्टरांनी 'अ‍ॅनिमिया' लिहिले, आम्ही ते रजिस्टरात उतरवले, खाटेवरची चादर बदलली आणि सकाळी घरी जाऊन झोपलो. अंगात रक्त नसताना ती नऊ महिने कोणाकडे गेली होती, कोणी तिला परत पाठवले होते का, हे आम्ही विचारले नाही. पुढच्या खाटेवर दुसरी बाई आली होती. त्या रात्री आम्ही पाय दुखेपर्यंत राबलो होतो, तरी आमचे काम अपुरे राहिले, हे कळायला आम्हाला बरीच वर्षे लागली.

जेरुशाबाईंचे सार्वजनिक कार्यही याच वळणाचे. १९२५ साली मुंबईत ज्युइश रिलिजियस युनियन उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. निवृत्तीनंतरही भारतातील स्त्री-डॉक्टरांच्या संघटनेची जबाबदारी त्यांनी सांभाळली. १९६६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आज आपल्या मुली बेअर शेवापासून अश्दोदपर्यंत रुग्णालयांत आणि वृद्धांच्या घरी काम करतात. रात्रपाळीहून उतरलेल्या चेहऱ्याने येणाऱ्या मुलीला आम्ही एवढेच सांगतो: बाळ, थकलीस, आता जेव आणि झोप. पण काल जे घडले ते का घडले, हे उद्या कामावर गेल्यावर विचारल्याशिवाय राहू नकोस.