दुर्बिणीची बैठक

रायफलीवरील दुर्बिणीचा विषय निघाला, की लोक भिंगाची चौकशी करतात. किती लांबचे दिसते, किती मोठे दिसते, हे विचारले जाते. दुर्बीण रायफलीवर कशाने धरून ठेवली आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते या शस्त्राचा खरा इतिहास तेथेच आहे.

प्रश्न मुळात शिकाऱ्याचा. दुर्बीण नाजूक, प्रवासात ती डब्यात बरी. शिवाय झाडीत जनावर दहा पावलांवर उठले, तर तिचा उपयोग नाही, अडचणच. म्हणून जर्मन व ऑस्ट्रियन कारागिरांनी आकड्यांची बैठक केली. पुढचे आकडे खोबणीत अडकवावयाचे, मागची बाजू दाबावयाची, की खटका बसला. काढणे तितकेच सोपे. परंतु काढलेली दुर्बीण पुन्हा नेमकी पूर्वीच्याच जागी बसावी, यासाठी कारागीर एकेक आकडा कानशीने घाशीत बसे. एका रायफलीची दुर्बीण दुसरीस चालत नसे.

थोडे गणित करून पाहू. बैठकीच्या दोन पायांत सहा इंच अंतर धरा. ४०० यार्ड म्हणजे १४,४०० इंच, अर्थात त्याच्या २,४०० पट. मागच्या पायाखाली साध्या कागदाएवढी, म्हणजे इंचाच्या चार सहस्रांश फट राहिली, तर तेथे गोळी साडेनऊ इंच चुकते. माणसाचे डोके तेवढे रुंद नसते.

१९१४ साली युद्ध पेटले आणि ही फट शिकाऱ्याची राहिली नाही. जर्मनांनी घरोघरच्या शिकारी रायफली दुर्बिणींसह आघाडीवर नेल्या. इंग्रजांनीही मागाहून दुर्बिणी दिल्या. पण हेस्केथ-प्रिचर्ड हा क्रिकेटपटू व शिकारी १९१५ मध्ये खंदकांतून हिंडला, तेव्हा कित्येक दुर्बिणी जागेवरून हललेल्या त्यास आढळल्या. वापरणाऱ्यांस कोणी शिकविलेच नव्हते. रायफल मोडली तर शिपायास कळते; दुर्बीण केसभर सरकली तर कळत नाही. तो आपल्याच हाताला दोष देत राहतो, आणि समोरचा नेमबाज मात्र चुकत नाही. त्यात इंग्रजांनी दुर्बीण नळीच्या डावीकडे बसविली होती, कारण काडतुसांची पट्टी वरून भरावी लागे. पोलादी ढालीच्या अरुंद भोकातून मग दुर्बिणीला एक दिसे आणि नळी भलतीकडेच! प्रिचर्डने १९१६ मध्ये लिंगेम येथे नेमबाजांची शाळा काढली, ती या अनुभवावरून.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी हा धडा गिरविलेला दिसतो. १९४२ पासून निवडक ली-एनफील्ड रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या शिकारी बंदुकांच्या कारखान्यात जात. तेथे डाव्या अंगास दोन पक्के ठोकळे बसवीत. बैठक त्यांवर बोटांनी पिळावयाच्या दोन मोठ्या स्क्रूंनी धरली जाई. रायफलीचा क्रमांक बैठकीवर आणि दुर्बिणीचा क्रमांक दस्त्यावर कोरीत. अशा वीस हजारांहून अधिक जोड्या तयार झाल्या. जोडी फोडू नये, हा दंडक. १९७० मध्ये ब्रिटिश सैन्याने यांतील काही रायफलींच्या नळ्या बदलून ७.६२ मिलिमीटरच्या घातल्या, पण बैठकीची पद्धत तीच ठेवली.

आपल्या सैन्याने वापरलेल्या रशियन द्रागुनोवमध्ये स्क्रूही नाहीत. डाव्या अंगास एक पट्टी आहे. दुर्बीण तीवर सरकवावयाची आणि तरफ दाबावयाची. दुर्बीण फुटलीच, तर बैठकीखालून साधा नेम धरता येतो.