दख्खनचे दंगे व कर्जाचा कागद

सन १८७५ च्या मे महिन्याची १२ तारीख. पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. बाजारास जमलेल्या कुणब्यांनी त्या दिवशी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर एकाएकी हल्ला केला. थोड्याच दिवसांत हे लोण भीमा ओलांडून नगर जिल्ह्यात आले आणि पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांतील गावोगावी तोच प्रकार घडला. सरकारने ९५१ लोकांस पकडले. इतिहासात हे प्रकरण ‘दख्खनचे दंगे’ या नावाने नमूद आहे.

या दंग्यांत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जमावाचा रोख सावकाराच्या जिवावर क्वचितच होता. त्यास हवे होते ते सावकाराच्या पेटीतील कागद, म्हणजे कर्जरोखे, खते व दिवाणी कोर्टांचे हुकूमनामे. ते मुकाट्याने हाती पडले, तर बहुधा त्यांची होळी करून लोक आपल्या वाटेने जात. हातातील नांगर सोडून सहसा कोणाच्या वाटेस न जाणारा कुणबी कागदावर एवढा का संतापला, हे समजले म्हणजे या दंग्यांचे मर्म समजते.

कुणबी व सावकार यांचा व्यवहार फार जुना होता. परंतु पूर्वी सावकारास वसुलीसाठी गावकीच्या व पंचांच्या भिडेने वागावे लागे. इंग्रजी अमलात प्रत्येक खातेदार सरकारास स्वतंत्रपणे जबाबदार झाला, त्याची जमीन विकता अगर गहाण ठेवता येऊ लागली, आणि दिवाणी कोर्ट सावकाराच्या हाकेस धावू लागले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले असता येथील कापसाचे भाव चढले. भाव चढले तशी सावकाराची पेटीही सढळ हाताने उघडली. युद्ध संपताच भाव कोसळले आणि पेटी मिटली. पुढे पुणे जिल्ह्यातील काही तालुक्यांत शेतसाराही वाढविण्यात आला. कुणब्याच्या माथी जुने कर्ज तसेच राहिले.

त्यात मुदतीच्या कायद्याची भर पडली. १८५९ च्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षे ठरविली. ऋणको पिढ्यान्‌पिढ्या जखडून राहू नये, हा हेतू चांगलाच होता. घडले मात्र उलट. दर तीन वर्षांनी सावकार जुना रोखा रद्द करून व्याजासह नवा लिहून घेऊ लागला. उदाहरणादाखल, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने घेतलेले शंभर रुपये घ्या. नऊ वर्षे सरळ व्याज धरले तर ३१६ रुपये होतात. पण दर तीन वर्षांनी रोखा बदलला, तर पहिल्या खेपेस १७२, दुसऱ्या खेपेस सुमारे २९६ व तिसऱ्या खेपेस सुमारे ५०९ रुपये होतात. थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा जुना नियमही येथे लंगडा पडे. कारण नव्या कागदावर व्याज हेच मुद्दल होऊन बसे. अक्षरशत्रू कुणबी नांगराची निशाणी करून मोकळा होई. आत काय लिहिले आहे, हे त्यास पुढे कोर्टात कळे.

दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटापुढे ठेवण्यात आला. पुढील वर्षी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दक्षिणेतील शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. त्यान्वये न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार मिळाला. कर्जापायी तुरुंगवास बंद झाला. मुदत साध्या रोख्यास सहा व नोंदलेल्या रोख्यास बारा वर्षे झाली. रोखे गावच्या नोंदणी कामगारासमोर लिहिले जाऊ लागले. पावती व हिशेब मागण्याचा हक्क ऋणकोस मिळाला. तथापि सावकारही गप्प बसला नाही. कित्येक ठिकाणी तो गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून मागू लागला. कायद्याने कागद शुद्ध झाला, परंतु गरजेस पैसा कोठून आणावा, हा प्रश्न सुटला नाही.

त्याचे उत्तर सहकारातून शोधण्यात आले. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. १९२३ साली नगर जिल्ह्यातच लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी पतपेढी काढली. मात्र ही वाट दूरची होती. १९५१-५२ च्या अखिल भारतीय पाहणीत शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जापैकी सहकारी संस्थांचे अवघे तीन रुपये आढळले.

आज नगर जिल्हा अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो, आणि कर्ज तर मोबाईलवर काही क्षणांत मिळते. शहरातील नोकरदार गृहस्थ लग्नकार्यासाठी, वाहनासाठी, प्रवासासाठीही ते घेतो. तो साक्षर आहे. तरीही पडद्यावरील लांबलचक अटी न वाचताच तो संमती देतो. अंगठ्याचे काम अद्याप संपलेले नाही. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी नियम घातले. त्यांनुसार सर्व आकार धरून कर्जाचा वार्षिक दर किती पडतो, हे सांगणारे पत्रक आधी द्यावे लागते, आणि घेतलेले कर्ज ठराविक मुदतीत दंडाविना परत करण्याची मुभाही ठेवावी लागते.

कागदातील हिशेब कर्ज घेणारास सही करण्यापूर्वी कळावा, यासाठी नगरच्या कुणब्यास दंगा करावा लागला आणि सरकारास कायदा करावा लागला. तो हिशेब आता आपण होऊन हाती येतो. तो वाचावयाचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.